स्टेपनीत हवा आहे का? दुकानाच्या सर्व्हरसाठी स्टँडबाय मशीन



बॅकअपचा व्हिडिओ टाकल्यापासून मला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतोय. "सर, मी रोज रात्री पेनड्राइव्हवर बॅकअप घेतो, मग अजून काय पाहिजे?" दोन वर्षांपूर्वी मीसुद्धा हेच म्हणायचो. माझं मत का बदललं ते आधी सांगतो, मग सेटअपकडे येऊ.

आमच्या बेल्ह्याचा बाजार सोमवारचा. बैल, शेळ्या-मेंढ्या, भाजीपाला, सगळं त्याच दिवशी. बाजाराला आलेला शेतकरी परत जाताना दुकानात डोकावणारच. माझं दुकान पाइप, फिटिंग, मोटरपंप आणि ठिबकच्या सामानाचं. आणे पठारावरची गिऱ्हाईकं तर सोमवारशिवाय सहसा खाली उतरत नाहीत. म्हणजे इतर दिवसांच्या तिप्पट बिलं सोमवारी होतात. दोन काउंटर, मागे गोडाऊनला एक कॉम्प्युटर आणि केबिनमध्ये एक सर्व्हर. बिलिंग, स्टॉक, उधारी, सगळं त्या एका सर्व्हरवर.

एप्रिलमधला एक सोमवार. अकराच्या सुमाराला दोन्ही काउंटरचे स्क्रीन एकदम थांबले. केबिनमध्ये गेलो तर सर्व्हरच्या हार्डडिस्कमधून टक्-टक् आवाज येतोय. बंद करून चालू केला, तर विंडोजच सापडेना. बॅकअप होता, शनिवार रात्रीचा, अगदी व्यवस्थित. पण तो टाकायचा कशावर? नवी डिस्क आळेफाट्याहून आणली, विंडोज टाकलं, बिलिंग सॉफ्टवेअर टाकलं, डेटाबेस बसवला, लायसन्स चालू करून घ्यायला कंपनीला फोन लावले, प्रिंटर जोडले. काउंटर पुन्हा चालू झालं मंगळवारी संध्याकाळी सहा वाजता.

मधला दीड दिवस आम्ही बिलबुकावर काढला. बिलबुक संपल्यावर कागदांवर, आणि शेवटी शेवटी तर खोक्यांच्या पुठ्ठ्यांवर लिहिलं. नंतर सगळं कॉम्प्युटरला चढवलं, म्हणजे आम्हाला तसं वाटलं.

दोन महिन्यांनी उधारीचे मेसेज गेले. पठारावरचे एक बाबा दुकानात आले. म्हणाले, "शेठ, सहा हजार चारशे मी बाजाराच्या दिवशी तुमच्याच हातात दिलेत. तुम्ही लिहून घेतलं नाही का?" माझ्याकडे नोंद नव्हती, आणि त्यांच्याकडे पावती नव्हती, कारण त्या दिवशी आम्ही कुणालाच धड पावती दिली नव्हती. मी हात जोडले, रक्कम खात्यातून काढून टाकली. बाबा काही बोलले नाहीत. पण त्यानंतर ते दुकानात आले नाहीत. दहा-बारा वर्षांचं गिऱ्हाईक होतं.

आता नीट बघा. डेटा किती गेला? जवळजवळ काहीच नाही. बॅकअपने त्याचं काम केलं. माझं नुकसान केलं ते दुकान दीड दिवस आंधळं राहिल्याने. बॅकअप घेणं आणि दुकान चालू ठेवणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसऱ्या कामासाठी मी काहीच केलेलं नव्हतं.

आधी दोन आकडे ठरवा

मशीन विकत घ्यायच्या आधी वहीत दोन आकडे लिहा. पहिला: सर्व्हर बंद पडला तर शेवटच्या किती वेळाचं काम मी पुन्हा हाताने टाकू शकतो? याला आयटीवाले आरपीओ म्हणतात. दुसरा: किती वेळ काउंटर बंद राहिलेलं मला परवडेल? याला म्हणतात आरटीओ. (आरटीओ म्हटलं की आपल्याला पहिलं गाडीचं लायसन्स आठवतं, पण हा वेगळा.)

माझे आकडे असे निघाले. पंधरा मिनिटांची बिलं पुन्हा टाकता येतात, कारण काउंटरला कार्बन कॉपी असते. आणि सोमवारी वीस मिनिटांपेक्षा जास्त बंद राहणं नको. रोज रात्रीच्या बॅकअपमध्ये पहिला आकडा चोवीस तासांपर्यंत जातो, आणि दुसऱ्याचा तर काही नेमच नाही.

तुमचा एकच कॉम्प्युटर असेल, दिवसाला वीस-पंचवीस बिलं होत असतील, तर पुढचं सगळं तुम्हाला लागणार नाही. रोजचा बॅकअप दुसऱ्या जागी ठेवा, एक बिलबुक गल्ल्यात ठेवा आणि पैसे मालात घाला. उगाच सर्व्हरच्या नादाला लागू नका. पण दोन-तीन काउंटर एका सर्व्हरवर चालत असतील तर पुढे वाचा.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे नेमकं काय

आपला नेहमीचा सर्व्हर म्हणजे एक डबा, आणि त्या डब्यात विंडोज, सॉफ्टवेअर, सेटिंग, डेटा सगळं चिकटवून बसवलेलं. डबा बिघडला की सगळं दुसऱ्या डब्यात पहिल्यापासून बसवा. व्हर्च्युअल मशीनमध्ये हा आख्खा सर्व्हर म्हणजे एक मोठी डिस्कची फाइल आणि एक छोटी सेटिंगची फाइल, एवढाच होतो. खाली एक वेगळी प्रणाली असते, ती या फायली उचलते आणि कॉम्प्युटरसारख्या चालवते. दुसऱ्या डब्यावर तीच प्रणाली असेल तर त्याच फायली तिथेही चालतात. ना विंडोज टाकायचं, ना प्रिंटर जोडायचे. आयपी ॲड्रेससुद्धा तोच राहतो, त्यामुळे काउंटरच्या कॉम्प्युटरला कळतही नाही की मागे डबा बदललाय.

स्टँडबाय म्हणजे त्या फायलींची एक प्रत दुसऱ्या डब्यावर तयार ठेवायची आणि दर काही मिनिटांनी तिच्यात फक्त झालेले बदल पाठवत राहायचे. ही प्रत बंदच असते. पहिला डबा गेला की तिला चालू करायचं. गाडीला स्टेपनी असते ना, तसंच. चारही टायर शाबूत असताना ती नुसती ओझं वाटते.

पण स्टेपनीची एक गोष्ट तुम्हाला माहीत आहे. गाडी पंक्चर होते रात्री घाटात, आणि तेव्हा कळतं की स्टेपनीतही हवा नाही.

मोठ्यांचंही असंच होतं

२४ फेब्रुवारी २०२१, बुधवार. मुंबईतल्या नॅशनल स्टॉक एक्स्चेंजमध्ये सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी व्यवहार थांबले. टेलिकॉम कंपन्यांच्या लाइनमध्ये बिघाड झाला, त्याचा फटका स्टोरेजला बसला, आणि क्लिअरिंगची जोखीम तपासणारी यंत्रणाच बंद पडली. ती नसेल तर सौदे चालवणं धोक्याचं. बाजार पुन्हा उघडला तो दुपारी पावणेचारला, आणि त्या दिवशी वेळ वाढवून पाचपर्यंत चालवावा लागला. तोपर्यंत शेजारच्या बीएसईचं काम सुरूच होतं.

एनएसईकडे स्टँडबाय नव्हता का? होता. चेन्नईला आख्खी पर्यायी जागा होती. पण त्या दिवशी कामकाज तिकडे हलवलंच गेलं नाही. त्यानंतर महिन्याभरात, मार्च २०२१ मध्ये, सेबीने नियम कडक केले: महत्त्वाची यंत्रणा बंद पडली तर अर्ध्या तासात 'आपत्ती' जाहीर करायची, आणि जाहीर केल्यापासून ४५ मिनिटांत पर्यायी जागेवरून काम सुरू करायचं. २ मार्च २०२४ ला तर शनिवारी खास बाजार भरवला. पहिलं छोटं सत्र नेहमीच्या जागेवरून आणि दुसरं पर्यायी जागेवरून. खरे सौदे, खरे पैसे.

मला यातून काय दिसलं सांगतो. मशीन असणं हा सोपा भाग. 'आता पलटी मारायची' हे कोण म्हणणार आणि किती मिनिटांनी म्हणणार, हे आधी ठरलेलं नसेल तर माणूस वाट बघतच बसतो. दोन मिनिटांत होईल, पाच मिनिटांत होईल. त्या सोमवारी मीसुद्धा सर्व्हर चार वेळा बंद-चालू केला होता. त्यात पाऊण तास गेला.

माझ्याकडे काय बसवलंय

दोन कॉम्प्युटर. एक नवा घेतला, तो मुख्य. दुसरा आधीचाच सर्व्हर, त्याला नवीन एसएसडी आणि जादा रॅम टाकली. इथे एक चूक बरेच जण करतात, स्टँडबाय म्हणून अगदी भंगारातला पीसी लावतात. स्टँडबायला सोमवारचा पूर्ण भार ओढायचाय, हे विसरू नका. व्हर्च्युअल मशीनला आठ जीबी रॅम दिली असेल तर स्टँडबायवर तेवढी मोकळी पाहिजे, आणि वर त्याच्या स्वतःसाठीही थोडी. प्रोसेसरला व्हर्च्युअलायझेशनची सोय लागते. बऱ्याच पीसीत ती असते पण बायोसमध्ये बंद असते, तिथून चालू करा.

दोन्हींवर प्रॉक्समॉक्स टाकलंय. लिनक्सवर चालतं, फुकट वापरता येतं. डिस्क झेडएफएस पद्धतीने तयार केल्या, दोन्हीकडे स्टोरेजचं नाव एकच ठेवलं. हे दोन नसेल तर त्याचं रेप्लिकेशन चालत नाही. मुळात ते दर पंधरा मिनिटांना बदल पाठवतं, हवं तर कमी करता येतं. मी पाच मिनिटांवर ठेवलंय.

जुना चालू सर्व्हर व्हर्च्युअल मशीनमध्ये आणायला मायक्रोसॉफ्टचं डिस्क-टू-व्हीएचडी नावाचं छोटं फुकट टूल आहे. ते चालत्या विंडोजची डिस्क एका फाइलमध्ये उतरवून देतं. ती फाइल प्रॉक्समॉक्समध्ये आणली की पहिल्यांदा बहुतेक बूट होणार नाही, घाबरू नका. जुना सर्व्हर यूईएफआयवर होता की जुन्या बायोसवर, तेच इथे निवडा. आणि डिस्क सुरुवातीला साटा म्हणून जोडा, वेगवान ड्रायव्हर नंतर टाका. माझा रविवार यातच गेला. व्हिडिओत ही पायरी मी न कापता दाखवली आहे, कारण सगळे इथेच अडकतात.

तुमच्याकडे विंडोज सर्व्हरच असेल तर त्यात हायपर-व्ही रेप्लिका ही सोय २०१२ पासून आहे. तीस सेकंद, पाच मिनिटं किंवा पंधरा मिनिटं, असं निवडता येतं, आणि मागच्या चोवीस तासांपर्यंतचे तासातासाचे टप्पे ठेवता येतात. एक अडचण आहे. ऑफिसमध्ये डोमेन नसेल, आणि छोट्या दुकानात ते नसतंच, तर दोन्ही मशीनसाठी सर्टिफिकेट तयार करावी लागतात. ते काम जाणकाराकडून करून घ्या. आणि साध्या विंडोज ११ प्रोमध्ये हायपर-व्ही असतं, पण रेप्लिका नसते. हे न बघता दोन पीसी घेऊन बसलेला एक विद्यार्थी माझ्याकडे आला होता.

लायसन्सचं आधीच विचारा. विंडोजचं तर विचाराच, पण त्याहून जास्त बिलिंग सॉफ्टवेअरचं. बऱ्याच सॉफ्टवेअरचं लायसन्स मशीनच्या ओळखीला बांधलेलं असतं, काहींना मागे यूएसबी डोंगल लागतो. डोंगल मुख्य मशीनच्या मागे खोचलेला असेल तर फाइल पलीकडे गेली तरी डोंगल मागेच राहील. विक्रेत्याला स्पष्ट विचारा: "व्हर्च्युअल मशीनवर चालेल का, आणि ती दुसऱ्या मशीनवर नेली तर काय करायचं?" उत्तर व्हॉट्सॲपवर लिहून घ्या.

आणि स्टँडबाय ठेवायचा कुठे? मी आधी दोन्ही केबिनमध्येच, एकावर एक ठेवले होते, एकाच यूपीएसवर. मग फ्रान्समधली आगीची बातमी वाचली. १० मार्च २०२१ ला स्ट्रासबुर्गमध्ये ओव्हीएच या कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, एक आख्खी इमारत जळाली. ज्यांचा सर्व्हर आणि बॅकअप दोन्ही त्याच जागेत होते, त्यांच्या हाती काही राहिलं नाही. आता माझा स्टँडबाय मागच्या गोडाऊनमध्ये आहे, वेगळा यूपीएस, वेगळी वायरिंग, मधे लॅनची केबल. एकच भिंत का होईना, मधे आहे.

दोन्ही एकदम चालू झाले तर

स्टँडबाय नसण्यापेक्षा वाईट एकच गोष्ट आहे, ती म्हणजे दोन्ही मशीन एकाच वेळी चालू. समजा मुख्य सर्व्हर मेलेला नाही, फक्त त्याची नेटवर्क केबल सैल झाली. तुम्ही स्टँडबाय चालू केला. तेवढ्यात कुणीतरी केबल दाबली. आता एकाच नावाचे, एकाच आयपीचे दोन सर्व्हर. एक काउंटर याच्यावर बिल करतंय, दुसरं त्याच्यावर. दोघेही बिल नंबर १२०५ देतात. जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे बिलाचा नंबर क्रमाने आणि त्या आर्थिक वर्षात एकमेव असावा लागतो. ही दोन वह्यांची भानगड निस्तरायला महिना जाईल.

म्हणून आमच्याकडे पहिला नियम: स्टँडबाय चालू करायच्या आधी मुख्य सर्व्हरची वायर काढायची. लॅनची आणि लाईटची, दोन्ही. मग तो जिवंत असो वा नसो.

प्रॉक्समॉक्सला हीच भीती असते. दोन मशीन जोडल्या की त्यातली एक गेल्यावर उरलेली म्हणते, माझ्याकडे बहुमत नाही, मी काही चालू करणार नाही. बरोबरच आहे, तिला कसं कळणार की पलीकडची मेलीये की फक्त बोलत नाहीये? म्हणून तिसरं मत लागतं. त्यासाठी एक छोटा रास्पबेरी पाय पुरतो, तो नुसता मत द्यायला बसलेला असतो. तिसरं मत असल्यावर पलटी आपोआप मारायची सोयसुद्धा आहे. मी ती मुद्दाम लावलेली नाही. रोज लाईटचे झटके बसणाऱ्या ठिकाणी मशीनने स्वतःच्या मनाने पलट्या मारलेल्या मला नकोत. माझ्याकडे एक छोटी स्क्रिप्ट आहे, ती सेटिंगची फाइल मुख्य मशीनच्या नावाखालून काढून स्टँडबायच्या नावाखाली ठेवते आणि मशीन चालू करते.

पलटी मारल्यावर शेवटच्या पाच मिनिटांची बिलं गेलेली असतात. काउंटरवरच्या कार्बन कॉपीचा शेवटचा नंबर आणि कॉम्प्युटरमधला शेवटचा नंबर जुळवा, मधली बिलं त्याच नंबरांनी पुन्हा टाका, मगच नवीन बिल. उधारीच्या जमा पावत्या पहिल्या. का ते आता तुम्हाला माहीत आहे.

स्टँडबाय म्हणजे बॅकअप नव्हे

हे उलट बाजूने. स्टँडबाय आल्यावर काही जण बॅकअप बंद करतात. अजिबात नको. मुलाने चुकून आख्खं खातं डिलीट केलं तर पाच मिनिटांत ते स्टँडबायवरूनही डिलीट. रॅन्समवेअरने फायलींना कुलूप लावलं तर कुलूप लागलेल्या फायलीच पलीकडे पोहोचतात. जुलै २०२४ च्या शेवटी सी-एज टेक्नॉलॉजीज या बँकांना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाल्यावर एनपीसीआयने तिला पेमेंटच्या जाळ्यातून तात्पुरतं तोडलं होतं. तीनशेच्या आसपास छोट्या सहकारी आणि ग्रामीण बँकांच्या ग्राहकांचे यूपीआय अडकले. छोट्या गावाकडे कोण बघतंय, असं म्हणून चालत नाही.

त्यामुळे रोज रात्रीचा बॅकअप सुरूच, जुन्या तारखांसकट. आणि दर शनिवारी एक डिस्क घरी जाते, ती कशालाच जोडलेली नसते. जीएसटीच्या नियम ५७ मध्ये इलेक्ट्रॉनिक हिशेबांचा बॅकअप ठेवायला सांगितलंच आहे, अपघाताने नोंदी गेल्या तर वाजवी वेळेत परत उभ्या करता याव्यात म्हणून. कंपनी नोंदवलेली असेल तर २०२२ पासून हिशेबाच्या वह्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर आणि रोजच्या रोज घ्यावा लागतो.

मंगळवारची तालीम

आमच्याकडे विहिरीवर जादा मोटर ठेवणारे शेतकरी बरेच आहेत. त्यातला शहाणा माणूस महिन्यातून एकदा ती मोटर दहा मिनिटं चालवतो, नाहीतर ती जाम होते. सर्व्हरचंही तसंच करतो आम्ही, महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सकाळी आठ वाजता, गर्दी नसताना.

दोन प्रकार आहेत. एक साधा: व्हर्च्युअल मशीन सरळ पलीकडे हलवायची. प्रत आधीच तिथे असल्यामुळे फक्त शेवटचे बदल जातात, आणि नंतर बदल पाठवायची दिशा आपोआप उलटी होते. दिवसभर स्टँडबायवरच धंदा करायचा, रात्री परत आणायचं. दुसरा खरा: मी मुख्य सर्व्हरची वायर उपटतो आणि बाहेर चहा प्यायला जातो. दुकानात मिसेस असतात आणि काउंटरवरचा मुलगा. गोडाऊनच्या दारामागे एक कागद चिकटवलाय, त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलंय: दहा मिनिटांत सुरू झालं नाही तर पलटी. कुणालाही विचारायचं नाही, मलाही नाही. खाली पायऱ्या, वायरीच्या रंगासकट.

पहिल्या तालमीला पन्नास मिनिटं लागली, कारण स्टँडबायचा पासवर्ड फक्त माझ्या फोनमध्ये होता. तो आता गल्ल्यातल्या बंद पाकिटात आहे. दुसऱ्या वेळी कळलं की गोडाऊनच्या यूपीएसची बॅटरी संपलेली आहे. गेल्या महिन्यात मिसेसनी चौदा मिनिटांत पहिलं बिल छापलं, फक्त दुसऱ्या काउंटरचा प्रिंटर गप्प बसला, कारण तो सर्व्हरच्या मागे यूएसबीने जोडलेला होता आणि ते माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. या आठवड्यात त्याला लॅनवर घेतोय. पुढच्या मंगळवारी पुन्हा वायर उपटणार आहे.